अर्धे तिकीट

वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मला पुन्हा अर्धे तिकीट लागले.

याआधी ते लागत असे त्याला आता तेहतीस वर्षे झाली. एस.टी.त बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना अर्धे तिकीट, आणि आमच्या आईने माझे वय चांगले दीड वर्ष अकरावर अडवून धरले होते. कंडक्टरने चष्म्यावरून पाहत "पोरगी कितवीत हो बाई?" असे विचारले, की मी खिडकीबाहेर बघायचे आणि आईने "पाचवीत" म्हणायचे, असा आमचा ठराव होता. एकदा मी सातवीचे इतिहासाचे पुस्तक मांडीवर उघडे टाकून बसले आणि तो ठराव मोडला. कंडक्टरने पुस्तकाकडे पाहिले, आईकडे पाहिले, काही न बोलता पूर्ण तिकीट फाडले. घरी गेल्यावर इतिहासाच्या अभ्यासाबद्दल मला जे ऐकावे लागले ते येथे सांगत नाही.

१७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रातल्या साऱ्या स्त्रियांना एस.टी.चे अर्धे तिकीट झाले. मोलकरणीला, शेतमजुरणीला तसेच माझ्यासारख्या, दर महिन्याला ठरलेला पगार घेणाऱ्या प्राध्यापिकेलाही. पहिल्या दिवशी मला ते तिकीट हातात घेताना जरा ओशाळल्यासारखे झाले. मी कंडक्टरीणबाईंना हळूच म्हटले, "मला पूर्ण दिलेत तरी चालेल." त्या हसल्या. म्हणाल्या, "मॅडम, मशीनमध्ये बाई आहे नाही एवढंच विचारतात. पगार विचारत नाहीत."

हे सारे आठवायचे कारण आमच्या कॉलेजातल्या वाणिज्य विभागाचे एक सहकारी. गेल्या वर्षी त्यांच्या विद्यार्थ्यांनी एक पुस्तिका तयार केली होती आणि तिची भाषा तपासून द्यावी अशी त्यांची विनंती होती. पुस्तिकेचे नाव 'सार्वजनिक परिवहन संस्थांचे सामाजिक व पर्यावरणीय उत्तरदायित्व.' वाचता वाचता श्वास घ्यायला दोनदा थांबावे असे. मुलांनी मेहनत मात्र केली होती. चीनमधल्या शेन्झेन शहराने २०१७ अखेर आपल्या सोळा हजारांवर बसगाड्या सगळ्याच्या सगळ्या विजेवर आणल्या, लक्झेंबर्गने २०२० च्या मार्चपासून देशभरची सार्वजनिक वाहतूक विनातिकीट केली, असे पुष्कळ काही तीत होते. आपल्याकडच्या कायद्याचेही होते. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने मोठ्या कंपन्यांवर असे बंधन घातले आहे की मागल्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातले दोन टक्के त्यांनी समाजाच्या कामी लावावेत.

मी पडले मराठीची. मला 'उत्तरदायित्व' या शब्दापाशीच अडखळायला झाले. उत्तर द्यायचे म्हणजे कोणी तरी प्रश्न विचारायला हवा. बसगाडीला प्रश्न कोण विचारतो? मी समासात लहानसे प्रश्नचिन्ह काढले, पुस्तिका पिशवीत टाकली आणि दसऱ्यानंतरची सुट्टी साधून मावशीकडे निघाले. वाटेत तपासून होईल, असा हिशेब.

मावशी राहते पाथर्डी तालुक्यात, करंजी घाटाच्या पलीकडे, तिसगावच्या आत एका लहान गावात. वय ब्याऐंशी. मूलबाळ नाही, काका जाऊन अकरा वर्षे झाली. पुण्याला ये म्हटले की तिचे उत्तर ठरलेले: "इथं माझी गाडी आहे." गाडी म्हणजे तिच्या नावावरचे वाहन नव्हे. रात्री गावात येऊन राहणारी आणि पहाटे सुटणारी मुक्कामी एस.टी. माझ्या लहानपणापासून हे वाक्य मी ऐकत आले होते. त्याचा अर्थ मात्र मला गेल्या वर्षी कळला.

पुण्याहून नगरला जायला मी मुद्दाम 'शिवाई' धरली. शिवनेरीवरच्या देवीचे नाव लावलेली ही विजेवर चालणारी गाडी १ जून २०२२ रोजी पुणे–नगर रस्त्यावर पहिल्यांदा सोडली. दिवस आणि रस्ता दोन्ही विचारपूर्वक निवडलेले. कारण १ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली गाडी याच रस्त्याने नगर आणि पुणे यांच्या दरम्यान धावली होती. त्या गाडीचे चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे ही नावे एस.टी.तली माणसे अजून आदराने घेतात. बेडफर्ड गाड्यांवर संसार सुरू झाला. निळा आणि रुपेरी रंग, लाकडी सांगाडा, बसायला काथ्याच्या गाद्या. त्या गाद्यांवर सव्वाशे किलोमीटर बसून उतरलेल्या माणसाला नगरच्या भुईकोट किल्ल्याची तटबंदीसुद्धा मऊ वाटली असेल.

शिवाईत बसल्यावर पहिली अडचण झाली ती शांततेची. डिझेलच्या गाडीत आपण जे बोलतो ते शेजाऱ्यालाही धड ऐकू जात नाही, आणि त्यामुळे महाराष्ट्राची कितीतरी गुपिते आजवर सुरक्षित राहिली आहेत. येथे इंजिनच नाही. माझ्या मागच्या बाकावरचे एक आजोबा फोनवर नातीच्या स्थळाबद्दल बोलत होते. मुलगा कुठे नोकरीला, शेती किती, बागायत की जिरायत, मामा जरा तऱ्हेवाईक, हे वाघोली ते शिक्रापूर सगळ्या गाडीने मन लावून ऐकले. रांजणगावच्या गणपतीला हात जोडून झाल्यावर पुढच्या बाकावरच्या एक बाई मागे वळून त्यांना म्हणाल्या, "आजोबा, मामावर जाऊ नका. मुलगा चांगला दिसतोय." आजोबांनाही त्यात गैर वाटले नाही.

पण खरा फरक बाहेर होता. शिरूरला गाडी थांबली तेव्हा मी खाली उतरून मुद्दाम गाडीच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले. लहानपणी तेथे उभे राहण्याची सोय नव्हती. काळ्या धुराचा लोट तोंडावर येई आणि आई पदर नाकाला लावून "इकडे ये" असे ओरडे. आता तेथे एक चहावाला आपली टपरी लावून बसला होता. घोडनदीवरून येणारा वारा होता, त्याला वेलचीचा वास होता.

चालक पंचविशीतला, बोलका. उतारावर ब्रेक दाबला की चाकांची ताकद वाया न जाता थोडी वीज बॅटरीत परत जाते, हे त्याने मला मोठ्या कौतुकाने सांगितले. मी विचारले, "तुम्ही एस.टी.चे?" तो म्हणाला, "नाही मॅडम, मी कंपनीचा. गाडी कंपनीची, चालक कंपनीचा, तिकीट एस.टी.चं. किलोमीटरमागं पैसे ठरलेत." विजेची गाडी महाग. एस.टी.ला एकरकमी घेणे झेपत नाही. म्हणून ही भाडेपट्टीची रीत. त्यात शहाणपण आहे, हे मला कळले. फक्त ज्याला किलोमीटरमागे पैसे मिळतात त्याने कोणत्या गावचे किलोमीटर निवडावेत, हा विचार मनात येऊन गेला.

सुपे मागे पडले, कामरगाव गेले आणि नगर आले. जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे. तरी स्टँडवरचे हमाल, टांग्याच्या जागी आलेले रिक्षावाले आणि आमची मावशी अजून 'नगर'च म्हणतात. मीही त्याच सवयीने लिहिते आहे. तेथून पुढे पाथर्डीची तांबडी गाडी. हिला आता लोक लाडाने लालपरी म्हणतात. माझ्या लहानपणी तिला 'डबडे' म्हणत. पण म्हातारपणी माणसाचे गुण दिसू लागतात, तसे गाडीचेही होत असावे.

भिंगारची लष्करी छावणी ओलांडली की डाव्या-उजव्या बाजूंनी उघडे माळ सुरू होतात. डोंगरावर चांदबिबीचा महाल दिसू लागतो. त्याला महाल म्हणतात खरे, पण ती सलाबतखानाची कबर. चांदबिबीचा तिच्याशी संबंध नावापुरताच. मेहेकरी गेले. करंजी घाटात गाडी घरघरू लागली आणि मला एकदम बरे वाटले. आता कोणी काही बोलले तरी ऐकू येणार नव्हते. समोरून उसतोडीला निघालेल्या ट्रकांची रांग येत होती. संसाराची भांडी, कोंबड्यांच्या डालग्या, शेळ्या, गाठोडी आणि त्यांच्यावर बसलेली लहान मुले. या तालुक्यात दसरा झाला की अर्धे गाव कारखान्यांच्या दिशेने निघते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येते. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळेतली मुले.

तिसगावला उतरले तेव्हा दिवेलागण झाली होती. साडेसातला पाथर्डीहून मुक्कामी गाडी आली. पाटीवर गावाचे नाव, आणि खाली लहान अक्षरांत 'मुक्काम'. आत मी धरून नऊ माणसे. दोन शिक्षक, तालुक्याला तारखेला गेलेले एक म्हातारे, दवाखान्यातून परतणारी एक बाळंतीण व तिची आई, दोन कॉलेजच्या मुली आणि एक इसम, जो चढल्यापासून उतरेपर्यंत झोपला होता आणि बरोबर आपल्या थांब्याला जागा झाला.

कंडक्टर पन्नाशीचे होते. खाकी कपडे, कानावर पेन. आता मशीन तिकीट देते, पेनचे काही काम उरलेले नाही. पण कान मोकळा बरा दिसत नसावा. बाळंतिणीला त्यांनी पुढच्या बाकावर बसवले. चालकाला म्हणाले, "सावकाश घ्या, लेकरू हाय." आणि खरोखरच त्या खड्ड्याखड्ड्यांच्या सात किलोमीटरांत चालकाने गाडी जणू पाळण्यासारखी नेली. ओढ्याच्या अलीकडे गाडी थांबली. एक मुलगा टॉर्च घेऊन उभा होता. कंडक्टरांनी खिडकीतून त्याला एक कागदी पुडी दिली. "सकाळी एक, रात्री एक. आज्जीला सांग, जेवल्यावर." ती औषधे. पाथर्डीच्या दुकानातून आणलेली.

एस.टी.चे ब्रीदवाक्य 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय' असे आहे. ते कोठे ना कोठे आपण सर्वांनीच वाचलेले असते. त्या पुडीइतके सोपे करून ते मला कोणी सांगितले नव्हते.

मावशीच्या ओट्यावर पोहोचले तेव्हा ती चुलीपुढे होती. पिठले, भाकरी, ठेचा. मी म्हटले, "अगं, एवढ्या भाकरी कशाला?" ती म्हणाली, "आज मंगळवार. डायव्हर-कंडक्टरचं जेवण माझ्याकडं असतं." आठवड्याचे वार गावाने वाटून घेतले आहेत. ते दोघे ग्रामपंचायतीच्या खोलीत झोपतात. उन्हाळ्यात गाडीच्या टपावर.

जेवताना मी चालकांना शिवाईबद्दल सांगितले आणि विचारले, "अशी गाडी इकडे येईल का हो?"

ते थोडा वेळ भाकरी कुस्करत राहिले. मग म्हणाले, "ताई, खरं सांगू का? विजेच्या गाडीला मुक्काम लई सोयीचा. आमची गाडी हितं रातभर नुसती उभी असती. रातभर चार्ज होईल की. पण त्याला मोठी डीपी लागती. एका गाडीसाठी हितं डीपी कोण बसवणार?" कंडक्टर म्हणाले, "आन् बसवली तरी लाईट पाहिजे ना राव." सगळे हसलो. त्याच क्षणी दिवे गेले, असे लिहायचा मोह होतो; पण तसे घडले नाही. दिवे त्या रात्री होते.

मी त्यांच्याकडून डिझेलचा हिशेब काढला. ही गाडी लिटरला साधारण चार-साडेचार किलोमीटर जाते. चाळीस माणसे बसली तर एका लिटरात एकेक माणूस मिळून एकशेऐंशी किलोमीटर गेले म्हणायचे. मोटारसायकल लिटरला पंचावन्न देते. दोघे बसले तर एकशेदहा. एकटा माणूस मोटार घेऊन निघाला तर पंधरा-सोळा. म्हणजे भरलेली लालपरी, धूर सोडत असली तरी, सगळ्यांत सोवळी. पण रात्रीच्या आमच्या नऊ माणसांच्या गाडीचे काय? नऊ गुणिले साडेचार, चाळीस. फटफटीच्या निम्म्याहूनही खाली. पर्यावरणाच्या पाटीवर मांडले तर मुक्कामी गाडी सरळ नापास होते. पैशाच्या पाटीवर तर होतेच होते. याला त्यांच्या भाषेत 'भारमान' म्हणतात. शंभर जागांत किती भरल्या, त्याचा आकडा. आणि उसतोडीला माणसे निघून गेली की नेमका तो आकडा खाली येतो; ज्या दिवसांत मागे राहिलेल्यांना गाडीवाचून दुसरे काही नसते त्याच दिवसांत.

हे मी मावशीला समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "मग मी कशाला जाते दर बुधवारी तिसगावला?"

"कशाला जातेस?"

"तिकीट काढायला."

२६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरच्या माणसांना एस.टी. विनामूल्य आहे. कंडक्टर त्यांनाही तिकीट देतो; त्यावर शून्य रुपये असतात. मावशी दर बुधवारी पहाटेच्या गाडीने तिसगावला जाते, चहा पिते आणि परतीच्या गाडीने येते. काम काही नाही. गावातल्या आणखी चार म्हाताऱ्यांना तिने वार नेमून दिले आहेत. मी म्हटले, "पण फुकटच्या तिकिटाने गाडीला काय मिळणार?" तेव्हा ती माझ्याकडे अशी बघायला लागली, की एम.ए.ला हे शिकवत नाहीत की काय.

"फुकट मला. गाडीला नाही. माझं भाडं सरकार एस.टी.ला देतं. तुझं अर्धं तू, अर्धं सरकार. गाडीच्या वहीत मी पुरी बाई आहे, अर्धी नाही."

कंडक्टरांनी मान डोलावली. ते म्हणाले, "आज्जीचा हिशेब बराबर हाय." ते दोघे झोपायला गेल्यावर मी पिशवीतून पुस्तिका काढली. तीत त्या सवलतींना 'सामाजिक तोटा' म्हटले होते. मुलांची चूक नव्हती. १९५० चा जो रस्ता परिवहन महामंडळ कायदा आहे, त्याचे १८ वे कलम म्हणते की महामंडळाने लोकांना कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची आणि सुसंघटित वाहतूक द्यावी. आणि चार कलमे ओलांडून २२ वे म्हणते की कारभार व्यापारी तत्त्वांवर चालवावा. एकाच घरात सासू आणि सून. दोघींचेही ऐकायचे असते. त्यात सरकारकडून येणारे सवलतींचे पैसे वेळेवर येत नाहीत, म्हणून पगारांची ओढाताण होते, हे वर्तमानपत्रांतून वारंवार वाचलेले. शिवाय सवलतीचे देणारे सरकार एका हाताने, आणि दर तिकिटामागे शेकडा साडेसतरा इतका प्रवासी कर वर्षानुवर्षे घेत आलेले सरकार दुसऱ्या हाताने. ज्या कंपन्यांना नफा होतो त्यांना कायदा म्हणतो, दोन टक्के समाजाला द्या. जिला बहुतेक वर्षी नफाच होत नाही तिला कोणीही टक्केवारी सांगितलेली नाही, आणि ती रोज पहाटे सहाला निघते.

रात्री अंथरुणावर पडल्यावर मावशी एकदम म्हणाली, "शेजारची थोरली आठवते का तुला? दोन वेण्या घालायची ती."

आठवत होती. पाथर्डीच्या कॉलेजात अकरावीला होती. वाचायला माझ्याकडे पुस्तके मागायची.

"गाडी बंद होती ना तेव्हा. आधी तो करोना, मग ते संपाचे सहा महिने."

२०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस सुरू झालेला तो संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. एस.टी.च्या कामगारांना राज्य सरकारच्या नोकरीत विलीन करून घ्यावे, ही मागणी. त्यांची बाजू मला तेव्हाही पटली होती, आजही कळते. ज्या पगारात ते गावोगाव मुक्काम करतात तो आम्हा शिकलेल्यांपैकी किती जणांना पुरेल? पुण्यात असताना संप म्हणजे माझ्या लेखी वर्तमानपत्रातली बातमी होती. फार तर रिक्षाला चार पैसे जास्त.

"आईबाप उसाला गेलेले. आजी आंधळी. पंधरा किलोमीटर पोरगी जाणार कशी? जीपवाला एका खेपेचे पन्नास मागायचा. बसली घरी. मग म्हणाले, घरी बसून काय करायचं. वैशाखात लग्न झालं. अठरा पुरी होती की नाही, कुणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं." ती थोडा वेळ गप्प राहिली. "आता बारामतीकडं कुठंतरी फडावर आहे म्हणतात. धाकटी दहावीला आहे. पास आहे तिच्याकडं."

ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास विनामूल्य आहे. त्याला अहिल्यादेवी होळकरांचे नाव दिलेले आहे.

मला काही बोलता आले नाही. मावशीनेही उत्तराची वाट पाहिली नसावी. थोड्या वेळाने तिचे घोरणे ऐकू आले.

पहाटे साडेपाचला चालकांनी इंजिन सुरू केले. त्या आवाजाने गाव उठते. कोंबड्यांचे येथे फारसे चालत नाही. धूर झाला, मी नाकाला पदर लावला आणि माझी मलाच आईची आठवण झाली. मावशी न्हाऊन, नऊवारी नेसून, कापडी पिशवी घेऊन तयार होती. बुधवार होता.

गाडीत रात्रीसारखे रिकामे नव्हते. मुलीच जास्त. चौदा मोजल्या. निळे कुडते, तेल लावून चापून बसवलेल्या वेण्या, मांडीवर डबे. एका मुलीने पुढे वाकून मावशीच्या पाया पडल्यासारखे केले आणि तिच्या शेजारी बसली. "हीच," मावशी म्हणाली. मुलीने माझ्याकडे पाहिले. मी विचारले, "कोणता विषय आवडतो?" ती म्हणाली, "गणित." मला मराठीच्या प्राध्यापिकेला जे वाटायचे ते वाटले, पण मी ते दाखवले नाही. भूगोलाच्या पुस्तकावर बोट ठेवून ती पाठ करू लागली. परीक्षा होती.

मी मघाचा हिशेब पुन्हा मांडला. एकोणतीस माणसे गुणिले साडेचार. एकशेतीस. मोटारसायकलच्या वर. रात्रीची नापास गाडी सकाळी पास होत होती. रात्री ती आली नसती तर सकाळी सहाला ती येथे उभी कशी राहिली असती, हे रकान्यांत मांडायचे कसे, ते मला सुचेना. पुस्तिकेच्या त्या पानावर मी पेन्सिलीने फक्त एवढे लिहिले: 'तिसगावच्या आतल्या गावाला एकदा मुक्कामी गाडीने जाऊन यावे. तिकीट अर्धे पडेल, मुलग्यांना पूर्ण.' विजेच्या गाड्यांच्या प्रकरणात आणखी एक ओळ घातली, की परळीला आणि चंद्रपूरला कोळसा जळतो तोवर पुण्यातला स्वच्छ वारा हा काही अंशी तिकडून उसना आणलेला असतो. आणि तरीही शिरूरच्या चहाला वेलचीचा वास येतो ही गोष्ट लहान नव्हे. सहकाऱ्यांना दोन्ही ओळी पटल्या की नाही कोण जाणे. पुस्तिका छापली तेव्हा त्यातली दुसरी होती, पहिली नव्हती.

कंडक्टर तिकिटे देत आमच्यापर्यंत आले. मशीनने दोन चिठ्ठ्या काढल्या. माझी अर्धी, मावशीची शून्याची. तिने आपली चिठ्ठी नीट वाचली, चष्मा नव्हता तरी वाचली, आणि घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली. त्या पिशवीत मागच्या कितीतरी बुधवारच्या चिठ्ठ्या होत्या. त्यांच्यावरची अक्षरे हळूहळू उडून जातात, कागद तेवढा कोरा राहतो.

तिसगावला आम्ही दोघी उतरलो. मुली पुढे पाथर्डीला गेल्या. धाकटीने खिडकीतून हात केला आणि पुन्हा पुस्तकात डोके घातले. स्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही चहा घेतला. मी पैसे देऊ लागले तेव्हा मावशीने माझा हात बाजूला केला. "हा माझा खर्च आहे. बुधवारचा."

नगरची गाडी आधी आली. खिडकीशी बसून मी बाहेर पाहिले. मावशी बाकावर पाय घेऊन बसली होती आणि शेजारच्या एका म्हातारीला काही समजावून सांगत होती. ती म्हातारी बोटे मोजत होती, बहुधा वार. मावशीची परतीची गाडी साडेनवाला होती.